साहेबाचे ओटे आणि हेलियमची कथा

कादंबरी, नाटक व काव्य यांच्या परीक्षणांनी आपल्या मासिकांची पाने भरतात, ते योग्यच आहे. परंतु ज्याचे परीक्षण कोणीच करीत नाही असाही एक वाङ्मयप्रकार आपल्यांत रूढ झाला आहे, आणि तो म्हणजे शास्त्रीय व्याख्यानात सांगितली जाणारी गोष्ट. कीर्तनाच्या उत्तररंगातील आख्यानाचे गुणदोष आपले आजे-पणजे घरी परतताना वाटेने काढीत असत. बुवांनी कोणता प्रसंग पदरचा घातला आणि कोणता पुराणातला, हे सांगणारा एखादा जाणता प्रत्येक आळीत असे. हल्लीच्या शास्त्रीय व्याख्यानांतही एक आख्यान असतेच. पण त्यावर शास्त्राचा शिक्का असल्यामुळे श्रोता ते मुकाट्याने पदरात घेतो आणि वाटेने चकार शब्द काढीत नाही. हा श्रोत्याचा भाबडेपणा शास्त्राला फायद्याचा आहे की घातक, याविषयी आम्हांस काही लिहावयाचे आहे. आणि ते मोघम लिहिण्यापेक्षा एका प्रसिद्ध आख्यानाच्या निमित्ताने लिहिणे बरे.

मागे एका हिवाळ्यात आम्ही आकाशदर्शनाच्या एका कार्यक्रमास गेलो होतो. कार्यक्रम हौशी मंडळींचा होता, आणि अशा मंडळींविषयी आमच्या मनात आदरच आहे. रात्रभर थंडीत उभे राहून परक्या पोरांना शनीची कडी दाखवावयाची, पहाटे दुर्बीण पाठीवर घेऊन डोंगर उतरावयाचा आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत डुलक्या घ्यावयाच्या, हे काम मानधनावर होणारे नव्हे. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ साली स्थापन झाली, मुंबईचे खगोल मंडळ १९८५ साली, हॅलेच्या धूमकेतूच्या सुमारास. आणि आज महाराष्ट्रात तालुक्याच्या गावीही चारदोन माणसे गच्चीवर दुर्बीण लावून बसलेली आढळतात. त्यांच्या निष्ठेविषयी शंका नसल्यामुळेच त्यांच्या आख्यानाची चिकित्सा मोकळेपणाने करता येते.

त्या रात्री व्याख्यात्यांनी जी गोष्ट सांगितली ती वाचकांपैकी पुष्कळांनी वर्तमानपत्रांतून वाचली असेल. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण होते. ते पाहण्यासाठी नॉर्मन लॉकियर नावाचा इंग्रज ज्योतिषी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्गच्या किल्ल्यात येऊन राहिला. त्याने किल्ल्यात दगडी ओटे बांधविले व त्यांवर आपली दुर्बीण रोविली. ग्रहण लागले, दिवसा काळोख झाला, आणि सूर्याच्या कडेवरील प्रकाशात लॉकियरला एक अपरिचित पिवळी रेषा दिसली. पृथ्वीवर ठाऊक नसलेले एक नवे मूलद्रव्य सूर्यावर सापडले; त्याचे नाव हेलियम. सबब, हेलियमचे पाळणाघर म्हणजे आपले विजयदुर्ग! ओटे आजही किल्ल्यात आहेत. लोक त्यांस साहेबाचे ओटे म्हणतात. आणि १८ ऑगस्टला तेथे हेलियमचा दिवस साजरा करण्याची प्रथाही पडली आहे.

गोष्ट म्हणून पाहिल्यास ही रचना उत्तम आहे, हे आम्ही प्रथमच कबूल करितो. तीत समुद्र आहे, शिवकालीन दुर्ग आहे, परदेशी पाहुणा आहे, भरदुपारचा अंधार आहे, आणि शेवटी हाताने चाचपून पाहता येईल असा दगडी पुरावा आहे. एवढी सामग्री एखाद्या कादंबरीकाराच्या हाती लागती तर त्याने देवाचे आभार मानले असते. टेकडीवर जमलेले श्रोते तल्लीन झाले होते. तेवढ्यात पुढच्या रांगेतील दहाअकरा वर्षांच्या एका मुलीने विचारले, "सर, ऑगस्टमध्ये तर पाऊस असतो ना? माझं आजोळ देवगडला आहे. तिकडे तेव्हा सूर्य दिसतच नाही." व्याख्याते क्षणभर थांबले व हसून म्हणाले, "अगं बाळ, त्या दिवशी नसेल पडला!" सगळी मंडळी हसली. मुलगी खाली बसली, आणि नंतर दुर्बिणीपाशी रांग लागली तेव्हा ती आईच्या मागे उभी असलेली दिसली.

आमच्या मते त्या रात्री टेकडीवर शास्त्रीय दृष्टीचा जो एकुलता एक उद्गार निघाला तो त्या मुलीचा होता, आणि आपण सर्वांनी मिळून तो हसण्यावारी नेला.

कारण खरी हकीकत अशी आहे. १८६८ चे ते ग्रहण ऐन श्रावणातल्या अमावास्येचे. चंद्राची सावली कोकणपट्टी ओलांडून विजापूर, गुंटूर व मछलीपट्टण यांच्या बाजूने पूर्वसमुद्राकडे गेली. ग्रहणाचा वेध घेण्यास जे शास्त्रज्ञ आले होते त्यांस पश्चिम किनाऱ्यावरील पावसाची कल्पना होती, म्हणून त्यांनी घाटाच्या पलीकडे, देशावर व आंध्रात, आपली ठाणी केली. फ्रेंच ज्योतिषी ज्यूल जान्सेन गुंटूरला होता; मेजर टेनंट यांची तुकडीही तेथेच होती; आणि विल्यम हर्शेलचा नातू लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीस होता. ग्रहणाच्या दीप्तीत सूर्याच्या कडेवर ज्या तांबूस ज्वाला दिसतात त्यांचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहताच तेजस्वी रेषा दिसतात, म्हणजे त्या ज्वाला तप्त वायूच्या आहेत, हा त्या दिवसाचा मुख्य शोध. आणि तो एकाच वेळी अनेक ठाण्यांवर लागला. त्यांतील पिवळी रेषाही दिसली, परंतु ती सोडियमचीच असावी असे तेव्हा बहुतेकांस वाटले.

आणि लॉकियर? तो त्या दिवशी इंग्लंडात होता. बत्तीस वर्षांचा हा गृहस्थ लंडनच्या युद्धखात्यात कारकून होता व ज्योतिष हा त्याचा फावल्या वेळचा नाद होता. ज्वाला जर वायूच्या असतील तर त्यांच्या रेषा ग्रहणावाचूनही, भर उन्हात, दिसावयास पाहिजेत, असा तर्क त्याने बराच आधी केला होता. परंतु त्यासाठी लागणारे यंत्र कारागिराकडून वेळेवर मिळेना. ते १८६८ च्या ऑक्टोबरात त्याच्या हाती पडले आणि २० तारखेस त्याने इंग्लंडातूनच, ग्रहण नसता, त्या रेषा पाहिल्या. तिकडे जान्सेनला हीच युक्ती ग्रहणाच्या वेळी गुंटूरला सुचली होती आणि दुसऱ्याच दिवशी त्याने ती करून पाहिली होती. पण त्याचे पत्र समुद्रमार्गे युरोपात पोहोचावयास दोन महिने लागले. गंमत अशी की दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञानसभेपुढे एकाच बैठकीत वाचली गेली. पुढे फ्रेंच सरकारने दोघांच्या मुखाकृती असलेले पदक पाडले. पहिला कोण, या भांडणास तेथे वावच राहिला नाही.

पिवळ्या रेषेचे प्रकरण त्यानंतरचे. लॉकियरने सावकाश मोजमाप केले तेव्हा ती सोडियमच्या जोड रेषांशी जुळत नाही, जरा बाजूस पडते, असे दिसून आले. रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड याच्या साहाय्याने त्याने प्रयोगशाळेत ती रेषा उत्पन्न करण्याचे प्रयत्न केले. ती काही उत्पन्न होईना. तेव्हा हे द्रव्य सूर्यावरच असले पाहिजे असे मानून सूर्यवाचक ग्रीक शब्दावरून त्यास हेलियम हे नाव पडले. पुष्कळ रसायनज्ञांनी ते नाव मान्य केले नाही, आणि त्यांस दोष देता येत नाही. एका रेषेच्या आधारावर मूलद्रव्य मानावयाचे म्हणजे पाऊलखुणेवरून हत्ती विकत घेण्यासारखेच होते. शेवटी १८९५ साली विल्यम रॅम्झे याने क्लीव्हाइट नावाच्या खनिजापासून एक वायू काढला, त्यात तीच पिवळी रेषा चमकली, आणि सत्तावीस वर्षांचा वाद मिटला.

मग विजयदुर्गचे ओटे खोटे काय? मुळीच नाही. ओटे खरे, साहेब खरा, ग्रहणही खरे. फक्त ते ग्रहण निराळे. लॉकियर हिंदुस्थानात प्रथम आला तो १८७१ च्या डिसेंबरातील ग्रहणासाठी, आणि त्या वेळी तो दक्षिणेस मलबारच्या बाजूला बेकलच्या किल्ल्यात उतरला होता. विजयदुर्गास तो आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तेव्हा तो साठी उलटलेला सर नॉर्मन लॉकियर होता; 'नेचर' हे जगप्रसिद्ध साप्ताहिक काढून त्यास जवळजवळ तीस वर्षे होत आली होती. म्हणजे विजयदुर्गच्या ओट्यावर साहेब उभा राहिला तेव्हा हेलियम रॅम्झेच्या नळीत बंद होऊन तीन वर्षे झाली होती. पाळण्यातले मूल केव्हाच चालू लागले होते!

दोन ग्रहणांची अशी सरमिसळ होणे आपल्या इतिहासाच्या वाचकांस नवे वाटू नये. बखरींतून हेच घडते. एका मोहिमेतला पराक्रम दुसऱ्या मोहिमेत जातो, नातवाचे बोलणे आजाच्या तोंडी पडते, आणि जो किल्ला अजून उभा आहे तो आपल्याजवळ सगळ्या आठवणी ओढून घेतो. कौतुक वाटण्यासारखी गोष्ट ही, की साहेब विजयदुर्गास आला त्याच १८९८ साली राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, आणि अस्सल कागद हाती असल्याखेरीज बखरीवर विसंबू नये हा धडा महाराष्ट्रास मोठ्या कडक शब्दांत देण्यास आरंभ केला. इतिहासाच्या बाबतीत आपण तो धडा थोडाबहुत शिकलो. शास्त्राच्या इतिहासास मात्र तो लागू नाही, असा आपला समज झालेला दिसतो. वास्तविक इतिहासाच्या कागदांपेक्षा हे कागद शतपटीने सुलभ आहेत. लॉकियरची वृत्ते, सभांची कामकाजे, ठाण्यांचे अहवाल, सगळे छापलेले आहे. ग्रहण कोणत्या दिवशी, कोणत्या गावी, किती पळे दिसले हे तर आज गणिताने घरबसल्या काढता येते. एवढे असून पत्रामागून पत्र हीच गोष्ट छापते व दर ऑगस्टात ती नव्याने उगवते.

यावर उत्तर काय येईल हे आम्हांस ठाऊक आहे. त्या रात्री परतताना एका मित्राने ते दिलेच. "अहो, एवढ्या निमित्ताने शेपन्नास पोरे किल्ल्यावर जमतात, वर्णपट म्हणजे काय ते ऐकतात, गावाला अभिमान वाटतो. तीस वर्षांचा घोळ झाला तर बिघडले कोठे? तुम्ही खरे सांगत बसाल तर ऐकायला येणार कोण?" हा आक्षेप हलका नाही. लोकांना आकाशाकडे आणावयाचे तर त्यांच्या गावाच्या, त्यांच्या अभिमानाच्या दारातूनच आणावे लागते. शंकर बाळकृष्ण दीक्षितांसारख्या ज्योतिषशास्त्राच्या इतिहासकारानेही सामान्य वाचकांसाठी 'ज्योतिर्विलास' लिहिले तेव्हा त्याला 'रात्रीची दोन घटका मौज' असे जोडनाव दिले. 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'सारखा प्रचंड ग्रंथ लिहिणाऱ्या पंडिताला मौज हा शब्द वापरण्यास कमीपणा वाटला नाही. त्याने वाचकापाशी मागणी केली तीही अवघ्या अठ्ठेचाळीस मिनिटांची. तेव्हा मौजेशी आमचे वैर नाही.

परंतु मौज निराळी आणि थाप निराळी. शिवाय ज्योतिषाच्या प्रसारात थापेची किंमत इतर ठिकाणच्यापेक्षा जास्त पडते, कारण आपल्या समाजात आकाशाविषयी दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची सवय अगोदरच बळकट आहे. १६ फेब्रुवारी १९८० चे ग्रहण आमच्या आठवणीतले आहे. आमच्या गावी ते खंडग्रास होते. वडीलधाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या, पाण्यात तुळशीपत्रे टाकली, एका गरोदर शेजारणीस हलू दिले नाही. हे जुने झाले. पण त्या दिवशी नवेही त्यांच्या मदतीस आले होते. डोळे जातील, बाहेर पडू नका, असा इशारा चहूंकडून इतका झाला की सुशिक्षितांचे रस्तेही ओस पडले, आणि दूरदर्शनने लोकांस घरात बसविण्यासाठी भरदुपारी चित्रपट लावला. शास्त्रीबुवा सांगत होते बघू नका, आणि शास्त्रज्ञांच्या नावाने जे सांगितले जात होते तेही बघू नका हेच. आम्ही पोरे दाराच्या फटीतून जमिनीवर पडलेला कवडसा पाहत होतो. तो चंद्रकोरीसारखा झाला होता, आणि तो पाहण्यात डोळ्यांस काडीचाही अपाय नव्हता, हे आम्हांस कोणी सांगितले नाही. पुढे २४ ऑक्टोबर १९९५ ला दूरचित्रवाणीवर खग्रासाची हिऱ्याची अंगठी घरोघर दिसली आणि वारे पालटले. या पालटात आपल्या हौशी मंडळींचा मोठा वाटा आहे.

पण सवय मोडली काय? 'गुरुजी सांगतात म्हणून ग्रहणात जेवू नये' याच्या जागी 'सर सांगतात म्हणून विजयदुर्गावर हेलियम सापडला' हे वाक्य बसविले, तर वाक्य बदलले, ऐकणाऱ्याची बसण्याची रीत बदलली नाही. त्या मुलीने मात्र ती बदलून पाहिली होती. तिच्यापाशी ग्रंथ नव्हते. आजोळच्या पावसाची आठवण तेवढी होती. तेवढ्याच बळावर तिने एका छापील दंतकथेच्या मर्मावर बोट ठेवले. विजयदुर्गची दंतकथा मोडण्यास जो सर्वांत सोपा पुरावा, म्हणजे ऐन श्रावणात कोकणात सूर्याचा वेध घेण्यास शहाणा माणूस कशाला जाईल हा, तो तिने काढला होता. व्याख्यात्यांनी "शाबास, हे मी पाहून सांगतो" एवढे म्हटले असते तर आकाशदर्शनाचा तो कार्यक्रम आम्ही पाहिलेल्यांत पहिल्या प्रतीचा ठरला असता.

आता आमच्या मित्राच्या आक्षेपाच्या दुसऱ्या भागाकडे वळू. खरे सांगितले तर ऐकेल कोण? आमचे म्हणणे असे की, खरी गोष्ट खोटीपेक्षा सरस आहे, आणि विजयदुर्गाच्या वाट्याला आलेला खरा भाग तर लोकांस ज्योतिषाची गोडी लावण्याच्या दृष्टीने अमोल आहे. तो असा.

लॉकियर १८९८ साली विजयदुर्गास आला तेव्हा शास्त्रज्ञांची मोठी फौज बरोबर नव्हती. होती ती मेल्पोमीनी नावाच्या आरमारी जहाजावरची माणसे. ग्रहणाच्या वेधाला खलाशांना लावावयाचे हा प्रयोग त्याने दोन वर्षांपूर्वी नॉर्वेत दुसऱ्या एका जहाजाच्या साहाय्याने केला होता, आणि तेथे ऐन वेळी ढगांनी सगळी तयारी फुकट घालविली होती. विजयदुर्गास त्याने तीच तालीम पुन्हा मांडली. ज्यांनी जन्मात वर्णपट पाहिला नव्हता अशा अधिकाऱ्यांच्या व खलाशांच्या टोळ्या पाडल्या. एका टोळीने नुसत्या डोळ्यांनी प्रभामंडळाचे चित्र काढावयाचे. दुसरीने खांबावर लावलेल्या चकतीआड तेजस्वी भाग झाकून प्रभामंडळाचे फिकट पसारे कोठवर जातात ते पाहावयाचे, आणि त्यासाठी डोळे अगोदरपासून बांधून ठेवावयाचे. कोणी दिवसा उगवलेले तारे ओळखावयाचे, कोणी हवेची उष्णता टिपावयाची, कोणी जमिनीवरून सरकणाऱ्या छायापट्ट्या पाहावयाच्या, आणि एकाने उरलेले सेकंद मोठ्याने पुकारावयाचे. सावली यावयाच्या आधी अनेक दिवस ही कवाईत चालली. खग्रास अवघा सुमारे दोन मिनिटांचा. म्हणून प्रत्येकाचे काम एकच आणि ठरलेले. पौषातली अमावास्या, कोकणचा हिवाळा, आकाश निरभ्र. त्याच दुपारी देशावर सोलापूर जिल्ह्यात जेऊर येथे पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रोफेसर नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कँबेल आपापल्या यंत्रांशी उभे होते. मुलुखावर प्लेगचे सावट होते, पुण्याने वर्षभर फार सोसले होते. लोकांनी त्या अंधाराचा काय अर्थ लावला असेल त्याची कल्पना करवत नाही.

आता सांगा, यात आख्यानाला उणे काय आहे? यात एक हौशी कारकून म्हातारा होऊन सर झाला आहे, पण हौशी माणसावरचा त्याचा विश्वास कमी झालेला नाही. उलट दोरखंड ओढणाऱ्या हातांत त्याने पेन्सिल दिली आहे. आणि त्या चित्रांची गंमत अशी की एकाचे चित्र दुसऱ्याशी कधी जुळत नाही, हा ग्रहणवेधांतला जुना अनुभव आहे. दोघांनी शेजारी उभे राहून एकच वस्तू पाहिली तरी दोन वस्तू दिसतात. मग खरे काय ते ठरवावयाचे कसे? छायाचित्र कशासाठी लागते, मोजमाप कशासाठी लागते, एकाच्या साक्षीवर शास्त्र का थांबत नाही, हे सगळे दोन रेखाटने पुढ्यात ठेवली की दहा वर्षांच्या पोरालाही समजते. पिवळी रेषा प्रथम सोडियमची वाटली होती, ही चूक लपविण्याची काय गरज? तीच तर गोष्टीचा कणा आहे. आपल्या दंतकथेत मात्र साहेब पाहतो आणि शोध लागतो. मधली सत्तावीस वर्षे, मधले अविश्वासी रसायनज्ञ, जमखंडीचा लेफ्टनंट, गुंटूरचा फ्रेंच, सगळे गळून पडतात.

आपल्या आकाशदर्शनांच्या कार्यक्रमांत जो एक कायमचा दोष आम्हांस जाणवतो त्याचेही औषध खलाशांच्या या कवाईतीत आहे. हल्ली कार्यक्रमाचा साचा ठरलेला दिसतो. प्रथम अंकांचा वर्षाव होतो. इतके कोटी, तितके अब्ज, प्रकाशवर्षे. दहाव्या शून्यानंतर श्रोत्याची कल्पनाशक्ती हात जोडते. मग दुर्बिणीपाशी रांग, प्रत्येकाच्या वाट्यास वीस सेकंद, "दिसले का? दिसले का? चला पुढे." शनी पाहून आलेल्या एका आजीबाईंनी आम्हांस हळूच विचारले होते, "आत चित्र चिकटवलंय का हो?" लोक या प्रश्नाला हसतात. आम्हांस तो अत्यंत योग्य वाटतो. नळीत डोळा घातला आणि सुबक कड्यांचा गोळा दिसला, तर तो आकाशातला आहे याला प्रमाण काय? नळी किंचित सरकवावी, आजीबाईंना तो पळताना दिसू द्यावा, मग नळीवरून नुसत्या डोळ्याने तोच ठिपका दाखवावा. त्यांची त्यांनाच खात्री पटते. याला एक मिनिट जास्त लागते आणि रांगेतली मंडळी कुरकुरतात, हे खरे. पण शंभरांनी वीस सेकंद पाहण्यापेक्षा वीसांनी दोन मिनिटे पाहणे आम्ही पसंत करू. पाहणाऱ्याला काम द्यावे: हातात कागद द्यावा, कृत्तिका नुसत्या डोळ्यांनी किती दिसतात त्या मोजावयास सांगावे, शेजाऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहावयास लावावे. कोणास सहा दिसतील, कोणास नऊ, कोणास नुसता धुरकट पुंजका. आणि भांडण सुरू होईल. त्या भांडणात व्याख्यात्याने फार लवकर पडू नये.

भाषेबद्दलही एक शब्द. खेड्यातला माणूस शुक्राला चांदणी म्हणतो, मृगातल्या तीन ताऱ्यांस तिकांडे म्हणतो. व्याख्याते लगेच त्याची चूक काढतात: चांदणी नव्हे, ग्रह. चूक काढावी, पण ती चांदणी त्याने किती पहाटे पाहिली आहे, केव्हा ती दिसेनाशी होऊन संध्याकाळी पश्चिमेस उगवते, हे अगोदर त्याच्याकडून काढून घ्यावे. शुक्र महिनोन्महिने पहाटे दिसतो, लोपतो आणि मग सायंकाळी दिसू लागतो, हे त्याला ठाऊक असते. ग्रह म्हणजे काय याची निम्मी व्याख्या त्यातच आहे.

विजयदुर्गावर दरवर्षी जमणाऱ्या मंडळींस आमची एक सूचना आहे, आणि ती विरोधाची नव्हे. १८ ऑगस्ट हा दिवस जगाच्या हेलियमचा असेल. जमखंडीस किंवा गुंटूरला तो खुशाल साजरा व्हावा. विजयदुर्गचा दिवस २२ जानेवारी. ज्या दिवशी आकाशच दिसत नाही त्या दिवशी कोकणात आकाशाचा उत्सव करणे यात एक प्रकारचा विनोद आहे, आणि तो कोणाच्या ध्यानी आला नाही याचे आम्हांस नवल वाटते. जानेवारीत दुपारी पुठ्ठ्याला टाचणीचे भोक पाडून सूर्याचे बिंब कागदावर घेता येईल, पोरांच्या टोळ्या पाडता येतील, एकाला सेकंद पुकारण्यास उभे करता येईल आणि बरोबर दोन मिनिटांत प्रत्येकाने आपले काम पुरे करावयाचे अशी साहेबाची कवाईत जशीच्या तशी वठविता येईल. सूर्य समुद्रात बुडाला की पूर्वेस मृग वर आलेला असतो, त्यामागून व्याध. आणि आठाच्या सुमारास दक्षिणेच्या बाजूला, फार उंच नाही असा, अगस्त्य दिसू लागतो. ओट्यांवर पन्नासएक मुलांस पाय सोडून बसता येईल. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असल्यामुळे अंधार पडल्यावर थांबण्याची परवानगी मात्र महिनाभर अगोदर मागावी लागेल, आणि येणाऱ्यांनी विजेरीच्या काचेस तांबडा कागद लावून आणावा.